घाटाची चढण आणि इंजिनाचा ताप

ठाणे-भिवंडीकडून शहापूरमार्गे नाशिकला जाणारा मुंबई–आग्रा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. कसाऱ्याचा घाट लागला, की उन्हाळ्याच्या दिवसांत एक देखावा हमखास दिसतो. लोखंडाने नाहीतर कंटेनरने लादलेला लांबलचक ट्रेलर कडेला उभा असतो. चाकांना दगड लावलेले असतात. मागून येणाऱ्यांना इशारा म्हणून झाडाच्या फांद्या रस्त्यावर टाकलेल्या असतात. ड्रायव्हर केबिन पुढे कलती करून आत डोकावत असतो. एस.टी.तले प्रवासी खिडकीतून पाहतात आणि म्हणतात, "गाडी गरम झाली वाटतं!"

'गाडी गरम झाली' या तीन शब्दांत केवढा इतिहास भरला आहे, तो आज आपण पाहू. कारण हा प्रश्न ट्रकबरोबर आलेला नाही. ठाणे-कल्याणच्या सखल मुलखातून देशावर माल चढवायचा म्हटले, की वाटेत सह्याद्री उभा आहेच. आणि जो कोणी ओझे घेऊन सह्याद्री चढेल, त्याला उष्णतेचा हिशेब चुकता करावा लागतो. बैलाला करावा लागला, आगगाडीला करावा लागला, आणि आजच्या डिझेल ट्रकलाही तो सुटलेला नाही.

पूर्वी हा माल लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांतून बैलांच्या पाठीवर चढत असे. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला आणि पाठीवरचे ओझे चाकांवर आले. चढणीला गाडीवान जादा बैलजोडी जुंपायचा. बैलाच्या तोंडाला फेस आला, भाता जोरात हलू लागला, की चाकाला दगड लावून तो जनावराला दम खाऊ द्यायचा. शहाणा गाडीवान अशा वेळी आसूड उगारत नसे. आसुडाने बैल चार पावले जास्त चालेल, पण त्याच्या अंगातली ताकद काही वाढणार नाही, हे त्याला ठाऊक होते. श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी आगगाडी धावली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. इथवर जमीन बरीचशी सपाट, त्यामुळे इंजिनाला फारसे जड गेले नाही. खरी कसोटी कल्याणच्या पुढे होती. कल्याणहून दोन फाटे फुटतात. एक कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा कसाऱ्यावरून थळघाट चढून इगतपुरीला. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि थळघाटाचा १८६५ साली. बोरघाटात सुमारे सोळा मैलांत १८३१ फूट चढायचे, आणि थळघाटात सुमारे सव्वानऊ मैलांत ९७२ फूट. सगळ्यात कठीण जागी चढ होता सदतिसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढे जावे, तेव्हा गाडी एक फूट वर जाते. तुम्हा-आम्हाला चालताना हा चढ जाणवणारही नाही. पण लोखंडी रुळांवरून शेकडो टन ओढणाऱ्या इंजिनाला तो भिंतीसारखा वाटतो. हे घाट फोडताना एकट्या बोरघाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि पटकीसारख्या रोगांनी त्यांतले कितीतरी तिथेच राहिले, हेही विसरता कामा नये.

आता वाफेचे इंजिन घाट कसे चढत असे, ते पाहू. भट्टीत कोळसा जळे, बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होई, आणि वाफ दट्ट्या ढकली. काम करून दमलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर फेकली जाई. त्यात एक मोठी खुबी होती. बाहेर जाणारी वाफ आपल्याबरोबर भट्टीतला धूरही खेचून नेई, आणि त्याच्या जागी ताजी हवा निखाऱ्यांतून आत येई. इंजिन जितके जास्त कष्ट करी, तितका भट्टीला वारा जास्त मिळे. ते 'झक-झक' आपण ऐकत होतो ना, तो त्या इंजिनाचा श्वासच होता म्हणा ना!

फायरमन नुसता कोळसा टाकणारा गडी नव्हता. त्याची नजर सारखी धुराड्याकडे असे. धूर विरळ करडा असला, म्हणजे आग आणि हवा यांचा मेळ जमला आहे. काळाभोर लोट निघू लागला, म्हणजे कोळसा जास्त झाला आणि हवा कमी पडली. तसा कोळसा पुरता जळत नाही, आणि वाफही वाढत नाही. मग ओझे फारच झाले तर काय करायचे? एका इंजिनाला मारून मुटकून चढवायचे नाही. मागून आणखी इंजिने लावायची. त्यांना 'बँकर' म्हणतात. वाफ जाऊन वीज आली, तरी कर्जत आणि कसाऱ्याला गाडीमागे बँकर लावण्याची रीत आजही चालू आहे. जादा बैलजोडीचीच ही पुढची पिढी.

त्यानंतर रेल्वेने आणखी एक मोठा उपाय केला, आणि त्याचे ठिकाण आपल्या डोंबिवली-कल्याणच्या मधले आहे. १९२९–३० या काळात कल्याण–पुणे आणि कल्याण–इगतपुरी हे दोन्ही घाटमार्ग विजेवर आले. त्यासाठी वीज लागत होती, म्हणून ठाकुर्लीला खाडीच्या काठी चोळा पॉवर हाऊस उभे राहिले. आता ते बंद पडलेले आहे, पण जुन्या मंडळींना त्याची धुराडी आठवत असतील. यात विचार काय होता, पाहा. आग तर पेटवलीच पाहिजे, पण ती घाटात नेली कशाला पाहिजे? आग ठाकुर्लीला, सपाटीवर, पाण्याशेजारी राहू द्यावी, आणि घाटात नुसती तारेतून शक्ती पाठवावी. स्वित्झर्लंडमध्ये आखणी झालेली, पुढे-मागे नाके आणि मध्ये खोली असलेली मालगाडीची इंजिने तेव्हा आली. लोकांनी त्यांना 'खेकडा' म्हणायला सुरुवात केली. हा खेकडा पोटात आग न घेता घाट चढे. मोटारी त्याच्याही तापत, त्यांना वारा घालावाच लागे. पण भट्टीचा मोठा ताप मात्र मागे ठाकुर्लीलाच राहिला.

रस्त्यावरच्या ट्रकला ही सोय नाही. त्याला आपली आग, आपले पाणी आणि आपली हवा सगळे बरोबर घेऊन चढावे लागते. म्हणून त्याचा प्रश्न जास्त नाजूक आहे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने आपले इंजिन १८९७ साली यशस्वी करून दाखवले, ते मुळात उष्णतेची उधळपट्टी थांबवण्यासाठी. त्या काळची आगगाडीची इंजिने कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्सासुद्धा कामाला लावत नसत. डिझेलच्या इंजिनाने चौथा हिस्सा लावून दाखवला. आजची चांगली ट्रकची इंजिने शंभरातले चाळीस भाग, किंवा त्याहून थोडे अधिक, कामाला लावतात. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले आणि पुढे डिझेल ट्रक आपल्या घाटांचा नेहमीचा प्रवासी झाला. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, तेव्हापासून कंटेनरचे ट्रेलर वाढत गेले. मुंब्रा बायपासची चढण असो, घोडबंदर रोडवरचा गायमुखचा घाट असो, की कसारा असो, ट्रेलरांची रांग आपल्याला नवी नाही. २०१८ साली सरकारने मालासकट गाडीच्या वजनाची कमाल कायदेशीर मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर नेली.

शिक्षक मंडळींना आता एक गणित देतो. फळ्यावर मांडून पाहावे. ५० टनांची गाडी थळघाटाएवढी, म्हणजे सुमारे ३०० मीटर, उचलायची आहे. त्याला लागणारी ऊर्जा विजेच्या बिलावरच्या हिशेबाने सुमारे ४१ युनिटे होते. एक लिटर डिझेल जाळले, तर सुमारे १० युनिटे उष्णता मिळते; त्यातली ४ कामाला लागतात. म्हणजे नुसते उचलायलाच दहा लिटरांहून जास्त डिझेल पाहिजे. चाकांचे घर्षण आणि वारा निराळाच. उरलेली साठेक युनिटे कुठे जातात? काही रेडिएटरच्या पाण्यात जातात, आणि मोठा हिस्सा धुराबरोबर एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर पडतो.

आता पुढची पायरी. घाट दहा किलोमीटरचा धरला आणि गाडी ताशी ३० किलोमीटरने चढली, तर वीस मिनिटे लागतील. उचलण्यासाठी सुमारे १६५ अश्वशक्ती लागेल आणि ती साठ युनिटे उष्णता वीस मिनिटांत बाहेर जाईल. मिनिटाला तीन युनिटे. तीच गाडी ताशी ५० ने चढवली, तर बारा मिनिटे लागतील. अश्वशक्ती लागेल सुमारे २७५, आणि मिनिटाला पाच युनिटे उष्णता बाहेर टाकावी लागेल. डोंगर तोच, ओझे तेच, एकूण उष्णताही जवळजवळ तीच. पण ती बाहेर टाकायला मिळणारा वेळ कमी झाला. घागर तीच असली, तरी तिचे तोंड केवढे यावर पाणी किती वेळात ओतून होईल ते ठरते. इंजिनाचेही तसेच आहे.

म्हणून ट्रकवाल्यांच्या हाती सगळ्यात सोपे औषध आहे ते म्हणजे वेळ. पण नेमका वेळच कोणाला नको असतो. खेपेवर पैसे, उशिरावर दंड, आणि मागून हॉर्न. मग गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, "पंप वाढवून देतो, गाडी घाटात पळेल." जुन्या गाडीत डिझेल पंपाचा स्क्रू फिरवतात. नव्या गाडीत इंजिन चालवणाऱ्या संगणकातले आकडे बदलतात. दोन्हींचा अर्थ एकच, दर ठोक्याला डिझेल जास्त सोडायचे. गाडी पळतेही. सपाटीवर तर ड्रायव्हर खूश होतो. घाटात काय होते, ते मात्र समजून घेतले पाहिजे.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळलेली असतात. डिझेलचे तसे नाही. त्यात हवा आधी भरपूर घेतलेली असते, आणि जोर हवा तेवढे डिझेल तीत फवारले जाते. कमी जोर असताना पुष्कळशी हवा न वापरताच बाहेर जाते आणि जाताना आतला भाग थंड ठेवते. डिझेल वाढत गेले, की ही शिलकीची हवा संपत जाते. जळण लांबते, दट्ट्या खाली गेला तरी आत आग चालूच राहते, आणि धगधगता वायू तसाच एक्झॉस्टमध्ये शिरतो. धुराड्यातून काळा लोट निघतो. वाफेच्या फायरमनने ओळखलेली तीच खूण, शंभर वर्षांनी ट्रकच्या सायलेन्सरवर!

मग टर्बो कशाला आहे, असे कोणी विचारील. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. एक्झॉस्टच्या वायूने एक चाक फिरवायचे, आणि त्याच आसावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची. वाफेच्या इंजिनात बाहेर जाणारी वाफ भट्टीला वारा आणीत होती, त्याच जातीची ही युक्ती. हवा दाबली, की ती तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून आत सोडतात. थंड हवा दाट असते. तिच्यामुळे जळण नीट होते आणि धुराची धग कमी राहते. पण टर्बोची हवा देण्याची शक्ती ठरलेली आहे. डिझेल तिच्यापुढे नेले, की हिशेब पुन्हा तुटीचा होतो.

ही धग मोजता येते. एक्झॉस्टच्या नळीत, टर्बोच्या आधी, दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा बसवतात. सांधा तापला, की तारांत थोडी वीज उत्पन्न होते, आणि केबिनमधला काटा हलतो. थॉमस झेबेक याने १८२१ साली दाखवलेल्या गुणाचा हा उपयोग आहे. ओझे ओढताना हा काटा सेल्सिअसच्या सुमारे ७०० अंशांपाशी जाऊन तिथेच रेंगाळू लागला, तर सावध व्हावे, असा साधारण संकेत आहे. प्रत्येक इंजिनाची नेमकी मर्यादा कंपनी ठरवते, आणि तीच पाळावी. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. मग पिस्टन लगेच वितळत का नाही? कारण आग क्षणभरच असते, मधे ताजी हवा येते, आणि खालून तेलाचा फवारा त्याला थंड करतो. धग सतत राहिली, की ही सगळी सवलत संपते. पिस्टनच्या माथ्याला भोक पडते, हेड तडकते, टर्बोची पाती जातात.

इथे एक फसवणूक होते. पुष्कळ ड्रायव्हर रेडिएटरच्या काट्यावर भरवसा ठेवतात. इंजिनातले पाणी आणि लोखंड तापायला वेळ लागतो. तो काटा उशिरा बोलतो. एक्झॉस्टचा काटा काही सेकंदांत बोलतो. पाण्याचा काटा शांत असताना आत पिस्टन भाजत असू शकतो.

मग करायचे काय? उपाय साधे आहेत. चढण सुरू होण्याआधीच खालचा गिअर घालावा. इंजिनाचे फेरे वाढतात, हवा जास्त मिळते, पाण्याचा पंप आणि पंखा जोरात चालतो, आणि दर ठोक्याला डिझेल कमी लागते. वरच्या गिअरमध्ये इंजिन दबत असताना पेडल तळाला दाबून धरणे, हे सर्वांत वाईट. काटा चढला किंवा काळा धूर आला, तर पेडल थोडे सोडावे. धग लगेच उतरते. एअर फिल्टर साफ असावा. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर चोंदतो, आणि चोंदलेला फिल्टर म्हणजे नाक दाबून घाट चढणे. इंटरकूलरच्या नळीची गळती आणि रेडिएटरच्या जाळीत बसलेला कचरा पाहावा. माथ्यावर पोहोचून थांबल्यावर इंजिन झटकन बंद करू नये. दोन-चार मिनिटे हळू चालू ठेवावे. नाहीतर तापलेल्या टर्बोतले तेल जागच्या जागी जळून काजळी धरते आणि बेअरिंग खाते.

१ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ च्या गाड्या आल्या आहेत. त्यांत धग मोजणारे काटे कंपनीच बसवते, आणि धग वाढली, की संगणक आपणहून डिझेल आवरतो. 'गाडीचा जोर कमी झाला' म्हणून हीच राखण काढून टाकायला लोक धावतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत असे परस्पर फेरफार करायला मनाई करते, ही गोष्ट वेगळी. पण कायदा बाजूला ठेवला, तरी घराच्या राखणदाराला हाकलून चोराला दार उघडून देण्यासारखे ते आहे. या गाड्यांत धुरातली काजळी जाळण्यासाठी एक्झॉस्ट मुद्दाम तापवले जाते. म्हणून सुक्या गवतावर गाडी उभी करू नये. शेताच्या बांधाजवळ ट्रक थांबवणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

आता नवे रस्ते आले आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडी तालुक्यातले आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसारा घाटाला टाळून तो सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून जातो. वळणे गेली, वेळ वाचला. पण इगतपुरी काही खाली आली नाही! तिची उंची होती तेवढीच आहे, आणि ५० टनांना ती ४१ युनिटे आजही मोजावी लागतात. चांगला रस्ता चढण सौम्य करतो. ती माफ करीत नाही.

एक ट्रेलर बंद पडला, तर त्याची किंमत फक्त गॅरेजच्या बिलात मोजून चालत नाही. एका गाडीचा मालक म्हणजे बहुधा ड्रायव्हरच असतो; त्याचा बँकेचा हप्ता अडतो. मागे घाटभर रांग लागते. त्या रांगेत नाशिकचा भाजीपाला असतो, दवाखान्याला निघालेला आजारी असतो, परीक्षेला निघालेली मुलेही असतात. एका स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याचा भुर्दंड एवढ्या जणांना बसतो.

गाडीवानाचा आसूड आणि पंपाचा वाढवलेला स्क्रू ही एकाच जातीची हत्यारे आहेत. दोन्ही ताकद निर्माण करीत नाहीत. धोक्याच्या वेळेसाठी राखून ठेवलेली ताकद आधीच खर्च करायला लावतात. घाट चढण्याच्या खऱ्या रीती आपल्या मुलखाने तीन शिकवल्या आहेत. ओझे वाटून घ्या, जसे बँकर घेतो. जमेल तेव्हा आग सपाटीवर ठेवा, जशी ठाकुर्लीला ठेवली. आणि यांतले काहीच जमत नसेल, तर हळू चढा. पहिल्या दोन रीतींना पैसा आणि सरकार लागते. तिसरी मात्र ड्रायव्हरच्या उजव्या पायाखाली आहे.